कोरियन लोकांचं इंग्रजीवेड: हौस की धास्ती?

चाकणकर:
चाकणला एका कोरियन कंपनीत सहा वर्षं काढली, त्या जोरावर लिहितोय. आमच्या कोरियन साहेबांना टोइकमध्ये (नोकरीसाठी देतात ती इंग्रजीची परीक्षा) ९९० पैकी ९०० च्या वर मार्क. पण मीटिंगमध्ये बोलायच्या आधी वाक्य वहीत लिहून घेणार. एकदा म्हणाले, "कॉपी, प्लीज." मी झेरॉक्स काढून आणली. त्यांना कॉफी हवी होती! (इंग्रजी 'फ'चा कोरियन तोंडात 'प' होतो.)

टोइकच्या नेहमीच्या परीक्षेत नुसतं ऐकायचं आणि वाचायचं, बोलायचं काही नाही. नोकरीच्या अर्जात स्कोअर लिहावा लागतो, म्हणून सगळे देतात. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची 'सुनुंग' असते. तिचा इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना देशभरातली विमानं अर्धा तास ना उडत, ना उतरत. लोक याला इंग्रजीचं प्रेम म्हणतात. मला तर ही चाळणी वाटते.

रानजाई:
अजिबात पटलं नाही. 'किरोगी आप्पा' ऐकलंय? किरोगी म्हणजे रानहंस, आप्पा म्हणजे बाप (आपल्यासारखंच की!). मुलांच्या इंग्रजीसाठी बायकोमुलं अमेरिकेत नाहीतर कॅनडात, आणि हा इकडे एकटा रामेन खात पैसे पाठवतोय. नुसत्या मार्कांसाठी एवढं कोण करतं? २००६ मध्ये सोलजवळ पाजूला इंग्रजी बोलायच्या सरावासाठी अख्खं 'इंग्रजी गाव' उभारलं त्यांनी.

चाकणकर:
आणि ते गाव तोट्यात गेलं, तेही सांगा. हौसेपायी कुणी संसार दोन देशांत मांडत नाही हो, धास्तीपायी मांडतात.

तिरकस:
धास्तीच. २०१७ पासून सुनुंगमध्ये इंग्रजीला १०० पैकी ९० मिळाले की पहिली श्रेणी, मग कितीही जणांना मिळोत. चुरस कमी व्हावी, क्लासचा खर्च उतरावा, हा हेतू. तरी सोलच्या देची-दोंगमधले 'हागवॉन', म्हणजे आपले क्लास हो, रात्री दहापर्यंत भरलेलेच. दहाला बंद करा असा नियम आहे म्हणून, नाहीतर बारा वाजले असते.

पण १९९७ साली त्यांनी तिसरीपासून इंग्रजी आणलं ते विषय म्हणून. सरकारी शाळेचं माध्यम कोरियनच राहिलं. आपण २००० साली पहिलीपासून आणलं, तरी पालकांचं समाधान नाही, माध्यमच बदलून मोकळे.

रानजाई:
धागा कोरियावर आहे, मराठी शाळांवर नको, नाहीतर दोनशे प्रतिसाद होतील. चाकणकर, तुमचे साहेब आता कुठे असतात?

चाकणकर:
गेल्या वर्षी सोलला परत गेले. मुलगी पुण्यात इंटरनॅशनल शाळेत आहे, ती आणि तिची आई इथेच राहिल्यात.