हळू गाडी चालवताना लक्ष कसं टिकवता? मदत हवी आहे
मंडळी, हल्ली ठरवून गाडी हळू चालवतोय, ८० ऐवजी ६०. हिशेब पटलेला आहे: वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं.

अडचण वेगळीच आहे. वेग कमी झाला की डोकं रिकामं होतं आणि लक्ष भरकटतं. होर्डिंग वाचत बसतो. स्टँडवरच्या मोबाइलची स्क्रीन उजळली की नजर आपोआप तिकडे. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद नजर हटली तरी गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, तीही न बघता! मोबाइल मागच्या सीटवर टाकून पाहिला, पण मग नकाशा कसा बघायचा? हँड्सफ्रीचं मला फारसं कौतुक नाही. हात मोकळे, पण मन बोलण्यातच.

शिवाय पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये घुसतंच, मागचा हॉर्न वाजवून जीव खातो आणि पाय आपसूक अ‍ॅक्सिलरेटरवर जातो.

ज्यांनी ही सवय बदलली त्यांनी काय केलं? गाण्यांनी लक्ष टिकतं की उलट पेंग येते? आणि त्या हॉर्नवाल्यांचं काय करता? ‘संयम ठेवा’ सोडून काहीही सुचवा.