रिफंड आमचा, आणि आम्ही आम्हीच आहोत हेही आम्हीच सिद्ध करायचं?

करवंद:

हा धागा अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरणाऱ्यांसाठी. ज्यांच्या पेटीत आयआरएसचं (तिथल्या कर खात्याचं) ५०७१सी हे पत्र कधी पडलं नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. पत्राचा मतलब असा: तुमच्या नावाने, तुमच्या एसएसएनवर (सोशल सिक्युरिटी नंबरवर) एक रिटर्न आमच्याकडे आलंय. ते तुम्हीच भरलंय याची खात्री पटेपर्यंत काम पुढे जाणार नाही. तीस दिवसांत ऑनलाइन किंवा फोनवर ओळख पटवा. ओळख पटली की त्यापुढे रिफंडला नऊ आठवडेही लागू शकतात. याचे भाऊबंदही आहेत. ४८८३सी आलं तर फोन करावा लागतो, ५७४७सी आलं तर प्रत्यक्ष ऑफिसात जायची वेळ येऊ शकते.

ओळख विचारण्यावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप घड्याळावर आहे, आणि तो नीट कळायला कॅलेंडर घेऊन बसा.

समजा, एका माणसाने ८ फेब्रुवारी २०२५ ला ई-फाइल केलं. ई-फाइलचे बहुतेक रिफंड २१ दिवसांत येतात असं आयआरएस स्वतःच सांगते. मार्च उजाडला, पैसे नाहीत, पत्र आलं. गड्याने आळस न करता २० मार्चला ओळख पटवली. नऊ आठवडे मोजा: २२ मे. आता व्याजाचा नियम बघा. रिफंडला उशीर झाला तर सरकार व्याज देतं, २०२५ मध्ये दर सात टक्के होता. ऐकायला झकास. पण त्यासाठी सरकारला ४५ दिवसांची सवलत आहे, आणि लवकर भरलेलं रिटर्नही १५ एप्रिललाच, म्हणजे मुदतीच्या दिवशीच भरलं असं धरून ते दिवस मोजतात. म्हणजे ३० मे. २२ मेला पैसे दिले की व्याज शून्य. साडेतीन महिने पैसे अडकले आणि कायद्याच्या लेखी उशीर झालाच नाही!

उलट आपण कर भरायला एक दिवस चुकलो तर? तिथे सवलतीचे ४५ दिवस कुणी देत नाही.

नाकासमोर:

करवंद, हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. संशयित रिटर्न अडवणारे हे फिल्टर कुणाच्या तरी हौसेखातर लावलेले नाहीत. २०१५ मध्ये चोर आयआरएसच्याच 'गेट ट्रान्सक्रिप्ट' सेवेतून लोकांच्या जुन्या रिटर्नची माहिती काढत होते. तेव्हा ओळख पटवायची म्हणजे प्रश्नांची उत्तरं द्यायची: जुना पत्ता कुठला, कर्जाचा हप्ता किती. ती उत्तरं चोरांकडे आधीच होती, बाजारात विकत मिळायची. पहिल्यांदा आकडा सांगितला एक लाखाच्या आसपास, फेब्रुवारी २०१६ पर्यंत तो सात लाखांच्या वर गेला. त्यानंतर २०१७ मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतली माहितीची गळती, १४ कोटींहून जास्त माणसं. तुमचा-माझा एसएसएन आता गुपित राहिलेला नाही हो. ज्याच्याकडे तो आहे तो रिटर्न भरू शकतो, आणि जो आधी भरतो त्याला पैसे आधी मिळतात. तिथे दोन महिने थांबणं परवडलं.

एकदापोळलेली:

नाकासमोर यांच्याशी सहमत, आणि मी अनुभवाने बोलतेय.

मला ते पत्र फेब्रुवारीत आलं. मी तोवर रिटर्न भरलंच नव्हतं, डब्ल्यू-२ (कंपनीकडून येणारा वर्षाच्या पगाराचा दाखला) सुद्धा पाकिटातच होता. मला वाटलं हाही कुणीतरी लुबाडायचा प्रकार. जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर फाडायला घेतलं आणि अर्ध्यावर फाटल्यावर त्यावरचं कर-वर्ष दिसलं. भरलंच नाही त्या वर्षाबद्दल हे मला का विचारतायत? सेलोटेप लावून ते पत्र समोर ठेवलं आणि फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, हे रिटर्न तुम्ही भरलंय का? मी म्हटलं, नाही. बस, चोराचं रिटर्न तिथेच मेलं. फिल्टर नसता तर पैसे कुठल्यातरी प्रीपेड कार्डावर गेले असते आणि मी एप्रिलमध्ये भरायला गेले की 'या एसएसएनवर रिटर्न आधीच आलंय' म्हणून माझंच ई-फाइल परत आलं असतं.

ते सेलोटेपवालं पत्र मी जपून ठेवलंय. नवरा हसतो, हसू दे.

करवंद:

पोळलेलीताई, तुमचं पत्र योग्य घरी गेलं, आनंद आहे. पण तुमच्यासारखी किती?

आयआरएसमध्येच नॅशनल टॅक्सपेअर ॲडव्होकेट नावाचं पद आहे. करदात्यांच्या बाजूने बोलायचं, आणि दरवर्षी काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) अहवाल द्यायचा, हेच त्यांचं काम. हे फिल्टर ज्यांना अडवतात त्यांतले निम्म्याहून जास्त लोक खरे करदातेच निघतात, हे त्या अहवालांत पुन्हा पुन्हा आलंय. निम्म्याहून जास्त! दाराशी असा राखणदार ठेवला की त्याने अडवलेल्या दहातले सहा घरचेच निघतात, तर त्याला आपण चोख म्हणू का?

त्याच अहवालांतली दुसरी गोष्ट. ज्यांच्या नावाने खरोखर चोरी झाली, ज्यांनी फॉर्म १४०३९ (ओळख चोरीला गेल्याची तक्रार) भरला, त्यांची प्रकरणं मिटायला अलीकडे जवळपास दोन वर्षं लागत होती. नाकासमोर, तुम्ही म्हणता फिल्टर चोरीच्या बळींसाठी आहे. मग बळीच सगळ्यात मागे का? फोनवर बसलेली माणसं तीच, तितकीच. २०२५ मध्ये तर आयआरएसचे कर्मचारी सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले. विनाकारण अडकवलेला प्रत्येक जण त्याच रांगा लांबवतो. नुसतं 'चार दिवस थांबा हो' इतकं साधं प्रकरण नाहीये हे.

शंकेखोर:

मला एक कळत नाही. एवढा मोठा रिफंड येतोच का तुम्हा लोकांना? पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा डब्ल्यू-४ फॉर्म नीट भरा, पगारातून कर कमी कापला जाईल. रिफंड म्हणजे सरकारला वर्षभर दिलेलं बिनव्याजी कर्ज. माझा रिफंड यंदा ११२ डॉलर. रोखा म्हणावं खुशाल.

रात्रपाळी:

शंकेखोर, हा सल्ला ज्याचा कर पगारातून जास्त कापला जातो त्याला ठीक. कमी पगाराच्या, मुलंबाळं असलेल्या घरांचा रिफंड बऱ्याचदा टॅक्स क्रेडिट्समधून, म्हणजे सरकारी सवलतींतून येतो. अर्न्ड इन्कम क्रेडिट घ्या. कर शून्य असला तरी ते पैसे मिळतात. डब्ल्यू-४ कितीही फिरवा, ते पगारात येत नाहीत, वर्षातून एकदा रिटर्नबरोबरच येतात. आणि त्यांच्यावर आधीच एक कुलूप आहे: २०१५ च्या पाथ कायद्याने असे रिफंड फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सोडायचेच नाहीत, तेही फसवणूक रोखायला म्हणूनच. वर हे पत्र. ११२ डॉलरवाल्याला 'रोखा खुशाल' म्हणायला काय जातं?

शंकेखोर:

मान्य, क्रेडिटचं डोक्यात नव्हतं. पण या धाग्यावरचे बहुतेक जण तसे नाहीत एवढं म्हणतो आणि गप्प बसतो.

परतीचापक्षी:

आम्ही भारतात परतलो आणि शेवटच्या वर्षाचं रिटर्न इकडून भरलं. पत्त्याच्या रकान्यात मी सवयीने जुनंच अपार्टमेंट टाकलं. चूक माझीच. पत्र तिथे गेलं. नव्या भाडेकरूने भला माणूस म्हणून मित्राला कळवलं, मित्राने फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडला. फोटोत पत्राचा खालचा कोपरा अंगठ्याखाली. नेमका हवा तो आकडा तिथे! तोवर तीस दिवसांतले सव्वीस उलटलेले.

यात खात्याला शिव्या द्यायला जागा नाही, फॉर्म ८८२२ भरून पत्ता बदलायला हवा होता. पण निव्वळ टपालावर भिस्त ठेवणारी ही पद्धत घर बदलणाऱ्यांना फार जड जाते, आणि आपल्या लोकांइतकी घरं कोण बदलतं?

नाकासमोर:

टपालच बरं, पक्षीराव. ईमेल किंवा मेसेजवर 'तुमचा रिफंड अडकलाय, इथे टिचकी मारा' असं आलं तर ते डोळे मिटून खोटं समजता येतं, कारण आयआरएस अशी सुरुवात त्या मार्गाने करत नाही. उद्या खरी पत्रं ईमेलने यायला लागली की चोरांची चांदी.

शालजोडी:

टपालाचं ठीक. चेहऱ्याचं काय? ऑनलाइन ओळख पटवायला आयडी.मी या खासगी कंपनीकडे पाठवतात. पासपोर्टचा फोटो, मग व्हिडिओ सेल्फी. २०२१ च्या अखेरीस हे आयआरएसच्या ऑनलाइन खात्यांना लागू झालं आणि इतका गदारोळ झाला की फेब्रुवारी २०२२ मध्ये आयआरएसला माघार घ्यावी लागली. आता चेहरा स्कॅन न करता माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलून काम होतं. पण तो पर्याय किती जणांना ठाऊक आहे? पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहरा कुठून बदलू?

नाकासमोर:

दिवसातून पन्नास वेळा तोच चेहरा दाखवून फोन उघडता ना?

शालजोडी:

उघडते. फोनमधला चेहरा फोनमध्येच राहतो. इथे तो माझ्या एसएसएनच्या शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन बसतो. फरक आहे.

बेरीजवजा:

मी दर सीझनला लोकांची रिटर्न्स भरते, म्हणून वादात न पडता चार कामाच्या गोष्टी. पत्र हातात आलं की आधी ज्या रिटर्नबद्दल आहे ते, त्याच्या आधीच्या वर्षाचं, आणि डब्ल्यू-२, १०९९ (पगाराबाहेरच्या उत्पन्नाचा दाखला) असं सगळं समोर ठेवा, मगच फोन लावा. प्रश्न त्यातूनच येतात आणि 'थांबा हं, शोधतो' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. जोडीने भरलं असेल तर पत्र ज्याच्या नावाने आलंय त्याने बोलायचं. घरातले कागद बायको सांभाळते आणि पत्र नवऱ्याच्या नावाने, मग नवरा फोनवर आणि बायको पलीकडून खुणा करतेय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उशीर झाला म्हणून घाबरून दुसरं रिटर्न पाठवू नका, गुंता वाढतो. ट्रान्सक्रिप्टवर (आयआरएसकडच्या तुमच्या नोंदींच्या उताऱ्यावर) ८४६ हा कोड दिसला की रिफंड निघाला, त्याआधी रोज दहादा बघून काही होत नाही. आयआरएसच्या साइटवरची 'माझा रिफंड कुठे' ही माहिती दिवसातून एकदाच बदलते. आणि भाडं थकलंय, औषधं अडलीत अशी खरी अडचण असेल तर फॉर्म ९११ भरून टॅक्सपेअर ॲडव्होकेटकडे जा.

आणि आयपी पिन घ्या, म्हणजे रिटर्नवर टाकायचा आयआरएसचा गुप्त आकडा. सहा आकडी असतो, दरवर्षी नवा मिळतो, २०२१ पासून कुणालाही मागता येतो. एकदा घेतला की तो न टाकता तुमच्या एसएसएनवर केलेलं ई-फाइल परत येतं, चोराचंही आणि विसरलात तर तुमचंही. मुलांचाही घ्या.

करवंद:

बेरीजवजा, उपयुक्त आहे, पण बघा ना: कागद आम्ही जमवायचे, फोन आम्ही धरायचा, पिन आम्ही मागायचा, पत्ता आम्ही कळवायचा. आणि एवढं करून व्याज मिळालंच तर पुढच्या वर्षी त्या व्याजावर कर!

एकदापोळलेली:

हे व्याजावरच्या कराचं मला माहीतच नव्हतं. कमाल आहे. पण करवंद, तुम्हाला नक्की काय हवंय ते एका वाक्यात सांगा. फिल्टर काढा?

करवंद:

नाही. तुमच्या पत्रानंतर ते म्हणायला तोंडही नाही. मला एवढंच हवंय की अडवलेल्या रिटर्नसाठी घड्याळ वेगळं असावं.

नाकासमोर:

कधीपासून मोजायचं? रिटर्न भरल्यापासून म्हणाल तर चोरांच्या रिटर्नवरही व्याज चढेल. पत्र निघाल्यापासून म्हणाल तर माणूस पत्र खिशात ठेवून महिनाभर हिंडेल आणि व्याज मागेल.

करवंद:

ओळख पटली त्या दिवसापासून. मी कोण हे त्या दिवशी तुम्हाला कळलेलं असतं. शंका संपली. मग पुढचे नऊ आठवडे कशाचे? चार हजार डॉलरवर नऊ आठवड्यांचं व्याज होतं पन्नासेक डॉलर. रक्कम क्षुल्लक आहे. पण तेवढे देणं भाग पडलं तर नऊचे चार आठवडे होतात की नाही बघा.

नाकासमोर:

हं. ओळख पटल्यानंतरच्या नऊ आठवड्यांचं समर्थन माझ्याकडे नाही. रिटर्न पुन्हा रांगेत जातं हे कारण झालं, समर्थन नव्हे. एवढ्यापुरता तुमचा मुद्दा मान्य. फिल्टर खूप जणांना अडवतं म्हणून ते सैल करा, हे अजूनही मान्य नाही.

करवंद:

ते मी या धाग्यात कुठेही म्हटलेलं नाही.

नाकासमोर:

राखणदाराची उपमा कुणी दिली मग?

परतीचापक्षी:

तुमचं चालू द्या. बेरीजवजा, एक शंका: आयपी पिन घेतला आणि कुठे लिहून ठेवला तेच विसरलो तर?

बेरीजवजा:

आयआरएसच्या ऑनलाइन खात्यात लॉगिन करा, तिथे परत दिसतो.

शालजोडी:

आणि लॉगिन करायला पुन्हा आयडी.मी. असो.