मदत हवी आहे: स्टॅटिक रूट टाकला, पण पलीकडून उत्तर परत येत नाही

म्हापशात दुकान आणि मागच्या रस्त्याला गोदाम. मध्ये वायरलेस लिंक, दोन्ही टोकांना मायक्रोटिक राउटर.

दुकान: १९२.१६८.१०.०/२४
गोदाम: १९२.१६८.२०.०/२४
लिंक: १०.०.०.१ आणि १०.०.०.२ (/३०)

दोन्हीकडे एकमेकांचे रूट (पलीकडच्या नेटवर्कला जायची वाट) टाकलेत. दुकानातून गोदामाचा राउटर (१९२.१६८.२०.१, पुढे नुसतं २०.१) पिंग होतो, पण त्यामागचा सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि प्रिंटर नाही. लिंक भर पावसातही ठीक चालते, त्यामुळे शंका तिच्यावर नाही.

गोची बहुधा इथे आहे: गोदामात इंटरनेटवाल्यांचा वेगळा राउटर आहे (२०.२५४) आणि सगळ्या उपकरणांचा गेटवे (बाहेरचं ट्रॅफिक जिथे पाठवायचं तो राउटर) तोच, म्हणून उत्तरं २०.१ ऐवजी तिकडे जातात. तिथल्या एका विंडोज पीसीवर हाताने दुकानाच्या नेटवर्कचा (१९२.१६८.१०.०) रूट २०.१ कडे टाकला, तर तो लगेच दुकानातून दिसू लागला. डीव्हीआरमध्ये मात्र गेटवेचा एकच रकाना आहे. २०.२५४ वर रूट टाकला असता तर प्रश्नच मिटला असता, पण त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड कंपनी देत नाही.

दोन वाटा दिसतात. एक, गोदामाच्या मायक्रोटिकवर दुकानाकडून येणाऱ्या ट्रॅफिकला मास्करेड लावणे (पाठवणाऱ्याच्या जागी राउटरचा स्वतःचा पत्ता घालणे). पण मग डीव्हीआरच्या लॉगमध्ये सगळे २०.१ म्हणूनच दिसणार, आणि मालकांना कोण बघतंय ते कळायला हवं. दुसरी, सगळ्यांचा गेटवे २०.१ करून तिथून डिफॉल्ट रूट २०.२५४ कडे.

दुसऱ्या वाटेत २०.२५४ चं उत्तर थेट उपकरणाकडे जाईल, २०.१ ला ते दिसणारच नाही. मग फायरवॉलमधला 'इनव्हॅलिड ड्रॉप' नियम (ओळखीच्या जोडणीत न बसणारी पॅकेट टाकून देणारा) इंटरनेट अडवेल का? की २०.२५४ साठी वेगळं सबनेट (पत्त्यांचा स्वतंत्र गट) करणं भागच आहे? नवीन राउटर घ्यायचा नाही, आणि चवथीच्या गर्दीआधी हे उरकायचंय.