पेशीला ताण आणि दाब कळतात ते कसे?

प्रश्न
संप्रेरकाचा रेणू पेशीवरच्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतो आणि आत संदेश जातो, एवढे समजते. परंतु दाब, ताण किंवा रक्तप्रवाहाचे घर्षण यांत चिकटणारा रेणूच नसतो. मग निव्वळ बलाचा रासायनिक संदेश नेमका कुठे होतो? हे काम फक्त आयन-मार्गिकाच (पेशीपटलातील, विद्युतभारित कणांना वाट देणारी प्रथिने) करतात का?

प्रतिसाद १
बलामुळे प्रथिनाचा आकार बदलतो आणि संदेशाची सुरुवात तिथेच होते. शास्त्रज्ञ आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने पेशीला सूक्ष्म काचनळीने टोचत, संशयित जनुके एकेक करून निष्क्रिय केली. ज्या जनुकाविना पेशीचा विद्युत-प्रतिसाद थांबला, त्यावरून पिएझो१ ही मार्गिका २०१० मध्ये हाती लागली. तीन पात्यांचे हे प्रथिन पेशीपटलाला वाटीसारखा बाक देते. पटल ताणले गेले की बाक कमी होतो, मधले छिद्र उघडते आणि कॅल्शियम आत शिरते. हे सारे काही मिलिसेकंदांत घडते.

प्रतिसाद २
वरील उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे, कारण पेशी बल येण्याची वाट पाहत बसत नाही, ती स्वतः आधाराला ओढून पाहते. पेशीपटलातील इंटेग्रिन हे प्रथिन बाहेरच्या तंतूंना धरते, आतून अ‍ॅक्टिन-मायोसिन हे पेशीतले आकुंचन पावणारे धागे खेचतात आणि दोहोंच्या मध्ये टॅलिन हे जोडणारे प्रथिन असते. आधार कठीण असेल तर ताण वाढत जातो व सुमारे ५ पिकोन्यूटनला (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग) टॅलिनची एक घडी उलगडते. तिच्यात दडलेल्या जागा उघड्या पडल्या की तिथे व्हिन्क्युलिन हे दुसरे प्रथिन येऊन पकड घट्ट करते. आधार मऊ असेल तर तोच ओढला जातो आणि घडी सहसा मिटलेलीच राहते. २००६ मधील एका प्रयोगात मानवी मूळपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशींसारख्या, तर कठीण जेलवर अस्थिपेशींसारख्या होऊ लागल्या. मला यातले हेच सर्वांत विलक्षण वाटते.

प्रश्नकर्ता
मग ही माहिती जनुकांपर्यंत कशी पोहोचते?

प्रतिसाद २
एक मार्ग याप आणि टॅझ या प्रथिनांचा आहे. पेशी पसरून ताणाखाली असली की ही प्रथिने केंद्रकात जातात आणि वाढीची जनुके चालू करतात. शिवाय अ‍ॅक्टिनचे धागे केंद्रकाच्या आवरणाला जोडलेले असल्याने ओढ थेटही पोहोचते. हे परिणाम मात्र तासांत आणि दिवसांत दिसतात.

प्रतिसाद ३
हाडांत तर त्याला महिने लागतात. अंतराळवीरांच्या, शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते, कारण भार नसला की अस्थिपेशींभोवतीच्या सूक्ष्म नलिकांतील द्रवाची हालचाल मंदावते आणि हाड टिकवण्याचा संदेश क्षीण होतो.