उंदराचं डिसेक्शन (विच्छेदन): कुठे अडतं, कुठे फसतं?

जर्नलवाली:
जुनं जर्नल हाती लागलं. उंदराच्या आकृतीत यकृताखाली हिरवंगार पित्ताशय रंगवलंय! अहो, पांढऱ्या उंदराला (रॅटला) पित्ताशय नसतंच, पित्त नलिकेतून थेट ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या पहिल्या भागात) झिरपत राहतं. डोक्यात पित्ताशयवाला बेडूक, ट्रेमध्ये उंदीर. अशा फसगती आणि खुब्या इथे टाका.

दोन_चिमटे:
पहिल्या कापातच निम्मी वाट लागते. जननछिद्राच्या जरा वर कातडी चिमट्याने उचला, बारीकसा छेद द्या. कात्रीचं बोथट टोक आत ठेवून हनुवटीपर्यंत फक्त कातडी कापा. मग स्काल्पेलच्या दांड्याने ती स्नायूंपासून सोडवून ताणून टाचा. टाचण्या बाहेर तिरक्या. उभ्या ठोकल्या की कात्री दर वेळी अडते. पोटाची भिंत मधल्या पांढऱ्या रेषेवर, तीही उचलून. नाहीतर सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) फुटलंच.

कुंपणावरचा:
सीकम फुटलं की उरलेला तास नाक धरून 😷

सुपारी:
आणि ट्रेमधलं पाणी ताबडतोब बदला, गढूळ पाण्यात काही दिसत नाही.

मी_अमुक:
पाणी म्हणताय तर, अवयव बुडतील इतकं हवं. मेसेंटरी (आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा) तरंगते, रक्तवाहिन्या वेगळ्या दिसतात. स्वादुपिंड बहुतेकांचं इथेच जातं. उंदरात ते एकसंध नसतं, जठर आणि ड्युओडेनमच्या मेसेंटरीत फिकट दाण्यादाण्यांसारखं पसरलेलं असतं. चरबी समजून सोलून टाकतात. शंका असेल तर एक कण पाण्यात सोडा: चरबी वर येते, स्वादुपिंड तळाला बसतं.

सुपारी:
हे भारी आहे. पण कण म्हणजे खरंच कण बरं का, अर्धी ग्रंथी नव्हे.

जर्नलवाली:
छातीचं कोणी सांगा. तिथे हृदयच कापलं जातं.

दोन_चिमटे:
उरोस्थी (छातीचं मधलं हाड) मधून चिरू नका. दोन्ही बाजूंच्या बरगड्या कापून झाकणासारखं उचला. त्याआधी श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) बरगड्यांच्या कडेने सोडवा. ताज्या उंदरात त्याला भोक पडलं की फुप्फुसं आक्रसतात, आपण काही बिघडवलं नाही. कोवळ्या उंदरात हृदयावर पांढुरकी थायमस ग्रंथी बसलेली असते, ती चरबी नव्हे.

मी_अमुक:
डावं फुप्फुस एकाच खंडाचं, उजव्याचे चार. चौथा हृदयामागे महाशिरेपाशी दडतो. तीनच मोजून उठू नका.

कुंपणावरचा:
उजवं म्हणजे कुणाचं? उंदीर उताणा असतो ना 😅

मी_अमुक:
त्याचं! आपल्या डाव्या हाताकडचं.

टाचणी_बाई:
एक राहिलं. नरातली शुक्राशयं (वीर्यातला द्रव बनवणाऱ्या ग्रंथी) पांढुरकी, वर वळलेली. नवशिके त्यांना गर्भाशयाची शिंगं (मादीच्या गर्भाशयाच्या दोन फांद्या) म्हणून लेबल करतात. वरच्या टोकाकडे बघा. शिंगं मूत्रपिंडाजवळच्या अंडाशयापर्यंत जातात, शुक्राशयं मूत्राशयाच्या आसपासच थांबतात. आणि 'वृषणं हरवली' म्हणणाऱ्यांनो, उंदरात वृषणाची पोटातून खाली उतरायची वाट मोठेपणीही उघडी असते, पोटात सरकलेली असतील.

सुपारी:
कात्री घासायला कुणाला वेळ मिळतो? माझी कात्री तर कातडी नुसती चावतेय, कापत नाही.

टाचणी_बाई:
बरगड्या त्याच कात्रीने कापता ना? मग होणारच. हाडाला वेगळी, जाड कात्री ठेवा.

कुंपणावरचा:
आणि ती पुसून ठेवा. मीठपाण्यात गंजतात.