सिम्युलेशनला मराठीत काय म्हणाल? (अणुइंधनाच्या निमित्ताने)

शब्दवेडी:
एका मासिकासाठी अणुभट्टीच्या इंधनावरचा लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. संगणकावरचं ‘मॉडेलिंग’ आणि ‘सिम्युलेशन’ जोडीने येतात, पण लेखक दोन्ही वेगळ्या अर्थाने वापरतो. प्रतिमान, प्रतिरूप, सदृशीकरण, अनुरूपण असे शब्द गोळा केले. ‘इंधनाच्या प्रतिमानाचे सदृशीकरण’ असं लिहिलं आणि माझं मलाच दोनदा वाचावं लागलं. काय करू?

बार्शीकर:
‘नमुना’ घ्या की. साधा आणि रुळलेला.

शब्दवेडी:
घेतला होता. पण त्याच परिच्छेदात भट्टीतून काढलेल्या इंधनाचे नमुने तपासतात. शिवाय आमच्या घरात नमुना म्हणजे माझा धाकटा भाऊ.

माजी अणुशक्तीनगरकर:
ताई, या कामात बरीच वर्षं गेली, तेव्हा चार ओळी जास्त लिहितो.

दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, ती प्रतिकृती. एखादं खटपटी कार्टं झारीने त्यावर पाणी ओततं आणि बुरूज आधी कुठून खचतो ते बघत बसतं. ते ओतून बघणं म्हणजे सिम्युलेशन. आमचा किल्ला समीकरणांचा. उष्णता कशी वाहते, वायू किती सुटतो, धातू किती ताणला जातो, ही गणितं एकत्र बांधली की झालं मॉडेल. त्याला ‘प्रतिमान’ चालेल. इंधनाचा भट्टीतला सगळा मुक्काम त्या प्रतिमानाला संगणकावर काढायला लावायचा, ते सिम्युलेशन. आमच्यात तर हा शब्दही कुणी उच्चारत नाही. ‘रात्री रन टाकलाय, सकाळी बघू.’ म्हणून नाम शोधत बसू नका, क्रियापद वापरा: ‘प्रतिमान चालवून पाहिलं’.

पुढे ‘अवरग्लासिंग’ भेटेल. तिथे कृपा करून वाळूचं घड्याळ लिहू नका. युरेनियम डायऑक्साइडची गोळी (आम्ही पेलेटच म्हणतो) अंगठ्याच्या पेराएवढी. हा पदार्थ उष्णता अगदी सावकाश वाहून नेतो, त्यामुळे गाभा हजार अंशांच्या वर जातो आणि कड बरीच थंड राहते. गाभा जास्त फुलतो, वरखालची तोंडं बाहेर ओढली जातात, गोळी तडकते आणि आकार होतो डमरूचा. असे डमरू एकावर एक रचलेले, बाहेरून झिर्कोनियम मिश्रधातूची पातळ नळी. दोन डमरूंची तोंडं जिथे भिडतात तिथे नळीवर बारीक कंगोरा उठतो. हात फिरवला असता तर बांबूची पेरं लागली असती. अर्थात तिथे हात लावायची सोय नाही, जाड भिंतीआड यंत्राची सुई फिरते आणि कंगोरे मायक्रॉनमध्ये मोजते. आमच्या कोडने (प्रतिमान चालवणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने) काढलेली उंची त्या सुईशी जुळली नाही की आठवडा वाया.

शब्दवेडी:
डमरू घेतला! ‘स्वेलिंग’ला सूज म्हणू का?

माजी अणुशक्तीनगरकर:
सूज उतरते. ही उतरत नाही, म्हणून ‘फुगणं’ बरं. दर शंभर विखंडनांमागे, म्हणजे युरेनियमचे शंभर अणू फुटले की, झेनॉन-क्रिप्टॉन या वायूंचे साधारण पंचवीस-तीस अणू तयार होतात. घन गोळीत त्यांना जागा नाही. ते कणांच्या सीमांवर जमतात, बुडबुडे होतात, बुडबुडे एकमेकांना मिळून बोगदे होतात आणि वायू गोळी व नळी यांच्यामधल्या फटीत सुटतो. फटीत आधी हेलियम भरलेला असतो, तो उष्णता चांगली नेतो. त्यात झेनॉन मिसळला की उष्णता अडते, गोळी आणखी तापते आणि आणखी वायू सोडते. गणित एकदा करून भागत नाही ते यामुळे. तापमान काढा, वायू काढा, परत तापमान काढा, अशा फेऱ्या आकडे स्थिरावेपर्यंत.

‘क्रीप’ला कोशातला ‘विसर्पण’ ठेवा, पण एकदा तरी सांगा की पुस्तकांच्या फळीला वर्षानुवर्षं झोळ पडतो, तेच हे.

जालकजीवी:
‘मॉलिक्युलर डायनॅमिक्स’ला (संगणकावर एकेका अणूची हालचाल काढत जाण्याच्या पद्धतीला) रेणवीय गतिकी लिहू नका, अशी विनंती. युरेनियम डायऑक्साइड आयनांचा स्फटिक आहे, त्यात सुटे रेणू नाहीतच. मूळ इंग्रजी नावच फसवं आहे. हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेत आर्गॉन वायूच्या ८६४ अणूंचं द्रवरूप संगणकावर हलवून दाखवलं. हा या पद्धतीचा पायाभूत शोधनिबंध, आणि आर्गॉनमध्ये रेणू कुठून आणणार! मी ‘अणूंची गतिकी’ लिहीन. फक्त हिंदी कोश उघडलात तर जपून: तिकडे अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे परमाणु.

बार्शीकर:
मग ‘बर्नअप’ला ज्वलन? जळत तर काहीच नाही.

माजी अणुशक्तीनगरकर:
बरोबर पकडलंत. ‘इंधन’ हा शब्दच पेटवण्याच्या धातूवरून आलेला, तिथूनच घोळ सुरू. बर्नअप म्हणजे टनामागे किती मेगावॉट-दिवस उष्णता मिळाली. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियमला सरासरी सात हजारांच्या आसपास मिळते. एक ग्रॅम विखंडलं की ढोबळमानाने एक मेगावॉट-दिवस, म्हणजे टनातलं सात किलोच ‘जळालं’. बाकीचं जवळपास सगळं तिथेच, राख नाही नि धूर नाही. सरपणाचा हिशेब इथे लावता येत नाही. मी ‘इंधन-उपभोग’ लिहायचो. हिंदीत वापरलेल्या इंधनाला ‘भुक्तशेष’ म्हणतात.

बार्शीकर:
म्हणजे उष्टं!

शब्दवेडी:
संपादकांकडून पहिला हप्ता परत आला. डमरू, पेरं आणि झोळ राहिले. ‘प्रतिमान चालवून पाहिलं’ला मात्र लाल रेघ: ‘गाडी आहे का?’

माजी अणुशक्तीनगरकर:
त्यांना विचारा, चरक चालतो, माग चालतो, खटला चालतो, मग प्रतिमानाने काय पाप केलं? अगदीच नाही म्हणाले तर मथळ्यात ‘सिम्युलेशन’ देवनागरीत ठेवा आणि मजकुरात ‘चालवून पाहिलं’ हळूच परत घाला. मथळा सगळे बघतात, सातव्या परिच्छेदापर्यंत संपादक येत नाहीत.