मदत हवी आहे: मातृवंदनाचा पहिला हप्ता ‘जमा’ दिसतो, पण खात्यात आलेला नाही (ऊसतोड कामगार महिला)

नमस्कार मंडळी,

मी वाळवा तालुक्यात राहते. आमच्या रानात सध्या तोड चालू आहे, टोळी बीड जिल्ह्यातली. त्यातल्या एका मुलीसाठी विचारते आहे. नाव-गाव मुद्दाम देत नाही.

तिचं पहिलंच बाळंतपण, जुलैत मुलगी झाली. दसरा झाला आणि तीन महिन्यांचं लेकरू घेऊन नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, आली. पहाटे चारला फडात जातात. बाळ गाडीच्या दांडीला बांधलेल्या साडीच्या झोळीत. मोळ्या वाहून झाल्या की ही तिथेच खाली बसून पाजते, हाताला पाचटाचे काप, बाळाला लागू नयेत म्हणून पदराने हात गुंडाळून. चार दिवस बस म्हटलं तर म्हणाली, “बसले की खाडा पडतो काकू, मग उचल कधी फिटायची?” (उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे.)

आता अडचण. गरोदरपणी गावच्या आशाताईंनी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म भरला होता. पहिल्या हप्त्याचे ३००० रुपये पोर्टलवर जमा झालेले दिसतात. तिच्या पासबुकात नोंदच नाही. बँक म्हणते आमच्याकडे आले नाहीत, गावाकडून उत्तर येतं की आले असतील, नीट बघा. लग्नाआधी माहेरी एक जनधन खातं काढलं होतं असं ती सांगते, त्याचं पुस्तक तिच्याजवळ नाही.

दुसरा हप्ता २००० चा. त्याला जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी लागतात. शेवटचा डोस आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांनी टोळीच्या अड्ड्यावर येऊन दिला, कार्डावर नोंद आहे. पण फॉर्मसाठी तिला गावी जावं लागेल का? कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मुकादम सोडणार नाही, आणि जन्मापासून २७० दिवसांची मुदत एप्रिलमध्ये संपते.

एक गोष्ट मनाला फार लागते म्हणून लिहिते. हे पैसे बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून आहेत, बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळावा म्हणून. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात आईला किमान ६००० म्हटलं आहे. २०१७ पासून योजना आली ती पहिल्या बाळाला ५००० ची, तेही तीन हप्त्यांत. २०२२ पासून दोन हप्ते झाले आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० मिळू लागले, ही सुधारणा चांगली. पण पहिलटकरणीचे ५००० तेवढेच राहिले. तमिळनाडू किटसह १८,००० देतं. आपल्याकडे जननी सुरक्षा योजनेचे (दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीचे) ग्रामीण भागात ७०० आहेत, तेही फक्त दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना. आणि ज्या वेळी विसावा हवा होता ती वेळ निघून गेली, हिच्या हातात अजून एक रुपया नाही.

कुणी अंगणवाडी, आरोग्य किंवा बँकेच्या कामात असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी अंगणवाडी सेविका आहे. तिला गावी पाठवू नका. दुसरा हप्ता कुठूनही भरता येतो, स्थलांतरित बायकांसाठी तशी सोय आहे. तुमच्या अंगणवाडीत किंवा आशाकडे बाळाचा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि तिचं आधार घेऊन जा. जुनाच अर्ज पुढे चालवायला सांगा, नवीन नोंदणी करू देऊ नका, नाहीतर दुबार म्हणून अडकेल. नवऱ्याचं आधार मागितलं तर ते आता सक्तीचं नाही. आणि तिचं नाव पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) तुमच्या गावात स्थलांतरित करून घ्या. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिचा घरपोच आहार तिला तिथेच मिळायला हवा. हे आजच करा, दिवस थोडे उरलेत.

प्रतिसाद २

पैसे बहुतेक त्या माहेरच्या खात्यात आहेत. फॉर्मवर कोणताही खातेक्रमांक असला तरी सरकारी पैसा आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातो. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव दिसेल. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो कुणाकडे आहे ते आधी विचारा. बँक कळली की पासबुकाची गरज नाही. कुठल्याही बँकमित्राकडे (गावात बँकेचे व्यवहार करून देणारा) ती बँक निवडून अंगठा लावला की शिल्लक कळते आणि पैसे काढताही येतात. फक्त कोयत्याने बोटं घासलेली असतात, अंगठा नाही लागला तर दुसरं बोट लावून बघा. दुसरा हप्ता येईपर्यंत आधार जोडणी बदलू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तोड लवकर उरकली, तेव्हा तिला घेऊन बँकमित्राकडे गेले. अंगठा लागला नाही, अनामिका लागली. माहेरच्याच बँकेत ३००० आहेत! तिने १००० काढले, बाकी राहू दिले. आहारासाठी उद्या सेविकांना भेटते.

आता एकच अडलंय: जन्मदाखला गावी सासूकडे आहे. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झालं, नोंद तिथेच झाली. तिथली प्रत इथे बसून ऑनलाइन काढलेली कुणी आहे का? कशी काढली ते पायरीपायरीने सांगाल का?